खोलीचा रंग ठरवण्याची तयारी: आधी दिवे, मग शेडकार्ड

रंगाच्या दुकानात जाण्याआधी खोलीत कायमचे लागणार आहेत ते दिवे लावून घ्या. फॉल्स सीलिंग व्हायचं असेल, फिटिंग यायची असेल, तरी त्याच जातीचा बल्ब आणून तात्पुरत्या होल्डरला लावा. बल्बच्या खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा आकडा छापलेला असतो (के म्हणजे केल्विन): 6500के म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा, 3000के म्हणजे पिवळा, 4000के मधला. भिंतीवर यातला कुठला उजेड पडणार हे ठरल्याशिवाय शेडकार्ड, म्हणजे कंपनीच्या रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक, उघडू नका. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. राखाडी रंग दिवसा बघून पसंत केला, रंगकाम झाल्यावर 3000केचे दिवे बसले आणि रात्री तोच राखाडी मळकट हिरवा दिसायला लागला. राखाडीत निळ्याची झाक होती, वर पिवळा उजेड पडला, दुसरं काही होणारच नव्हतं.

मग खिडकीची दिशा बघा. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. तिथे निळसर, राखाडी रंग आणखी थंड वाटतात. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर नारिंगी ऊन शिरतं आणि क्रीम रंगाची भिंत पार पिवळी होते. खिडकीसमोर काय आहे तेही बघा, कारण दाट झाड असेल तर त्याचा हिरवा उजेड भिंतीवर येतो, समोरच्या इमारतीचा विटकरी रंगसुद्धा येतो. जमिनीचंही तसंच.

शेडकार्डातून पाच-सहा रंग बाजूला काढा, त्याहून जास्त काढलेत तर गोंधळ होईल. पट्टीवर फिक्यापासून गडदपर्यंत एकाच घराण्याचे रंग असतात. फिका रंग पसंत असेल तर त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग बघा. फिक्यात लपलेली झाक तिथे उघडी पडते: हा पांढरा गुलाबीकडे जातोय, तो हिरव्याकडे. शिवाय कार्डावरचा तुकडा बोटभर असतो. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद वाटतो. मन दोन छटांमध्ये अडकलं असेल तर फिकी घ्या.

फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका. कॅमेरा उजेड आपल्या मनाने सुधारून घेतो.

आता नमुने. टिंटिंग मशीन (हवी ती छटा मिसळून देणारं यंत्र) असलेल्या दुकानातून दोन-तीन रंगांचे सर्वांत लहान डबे करून घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही. रंग थेट जुन्या भिंतीवर लावू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर लावा, चारी बाजूंना पांढरी पट्टी सोडा, दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या इमल्शनमध्ये (भिंतीच्या पाण्यातल्या रंगात) दुधाळपणा असतो, वाळल्यावर तो जातो आणि रंग गडद होतो, म्हणून ओला नमुना बघून हो म्हणू नका. वाळलेली शीट भिंतीवर उभी चिकटवा. टेबलावर आडवी ठेवून बघण्यात अर्थ नाही, उभ्या भिंतीवर उजेड वेगळा पडतो. एकदा खिडकीच्या भिंतीवर, एकदा समोरच्या, एकदा कोपऱ्यात.

सकाळी बघा, दुपारी बघा. आणि रात्री बघा. पडदे ओढून, तेच दिवे लावून. वरचे मोठे दिवे वेगळे, बेडजवळचा दिवा वेगळा, मग सगळे एकदम. झोपायची खोली असेल तर आपण तिथे जागेपणी मुख्यतः रात्रीच असतो, त्यामुळे दिवसाचं मत दुय्यम धरा. रात्री न आवडलेला नमुना सकाळी कितीही छान दिसला तरी बाद. पेंटर घाई करेल, उद्यापासून माणसं लावतो म्हणेल. त्याला थांबवा. एक रात्र बघितल्याशिवाय रंगाचा कोड (शेडकार्डावरचा नंबर) सांगू नका.

एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जुळवून घ्यायचा असेल तर इथे जास्तच सांभाळा. दोघांची रंगद्रव्यं वेगळी असतात, त्यामुळे दिवसाच्या उजेडात दोन नमुने हुबेहूब सारखे दिसतात आणि एलईडीखाली वेगळे पडतात. तेव्हा जुळवलेला नमुनाही रात्री, दिव्याखाली.

नमुना ज्या फिनिशचा, डबाही त्याच फिनिशचा घ्या. मॅट आणि चकचकीत यांत तोच कोड वेगळा दिसतो. चकाकी असलेल्या रंगात भिंतीचे उंचवटे उठून दिसतात, भिंतीलगत दिवा असेल तर फारच. पुट्टी नीट घासलेली नसेल तर मॅटच बरा.

भिंतीला ओल असेल तर रंग थांबवा, आधी गळती शोधा. पावसाळ्यानंतर भिंती वाळायला वेळ द्या, दिवाळी जवळ आली तरी. नवीन प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस. पुट्टी, घासणं, प्रायमर हे पेंटरला माहीत असतं, फक्त प्रायमर गाळू देऊ नका.

खरेदी: भिंतींची लांबी गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. लिटरला किती चौरस फूट हे डब्यावर असतं, ते एका हाताचं की दोन हातांचं ते वाचा. सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. एकाहून जास्त असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, नाहीतर भिंतीच्या मध्यावर फरक दिसेल. पहिला डबा उघडला की हातभर पट्टा मारून वाळू द्या आणि शीटशी ताडून बघा, तेही दिवा लावून. थोडा रंग उरवा, झाकण घट्ट लावा, त्यावर कोड, फिनिश आणि खोलीचं नाव लिहा.