दहावीचा निकाल शाळेच्या ऑफिसातही बिघडतो : या चुका टाळा

मुंबईतल्या बऱ्याच शाळांत दहावीची तयारी म्हणजे दिवाळीनंतरचे जादा तास, जानेवारीतली पूर्व परीक्षा आणि निरोप समारंभ. शिक्षक घसा कोरडा करतात, मुलंही मान मोडून बसतात. तरी दरवर्षी काही मुलं अडकतातच, आणि त्यातल्या कित्येकांच्या अडचणीचा अभ्यासाशी काडीचाही संबंध नसतो. म्हणून हे मुलांसाठी नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि ऑफिसातल्या लिपिकांसाठी आहे.

प्री-लिस्टवर डोळे मिटून सह्या

परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून झाले की प्री-लिस्ट, म्हणजे अर्जांतल्या माहितीची तपासणीसाठीची यादी, निघते. ती जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या मूळ नोंदवहीशी, ताडून पाहायची असते. प्रत्यक्षात मधल्या सुट्टीत ती वर्गात फिरते आणि मुलं लग्नाच्या अहेराच्या वहीसारखी सही ठोकून मोकळी होतात. शेख हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. आधारवर एक, रजिस्टरवर दुसरं. ही तफावत आत्ता सापडली तर शाळेतच मिटते. गुणपत्रिका छापून आल्यावर सापडली तर पालकांच्या वाशीच्या विभागीय मंडळात खेपा सुरू.

नावापेक्षाही घातक चूक विषय आणि माध्यमाची. सेमी इंग्रजीच्या मुलाच्या अर्जात गणित-विज्ञानाचं माध्यम मराठी पडलं, तर परीक्षेच्या दिवशी त्याच्यापुढे मराठी प्रश्नपत्रिका येणार. समलंब चौकोन म्हणजे काय, हे त्याला तिथे कोण सांगणार? तसंच पूर्ण संस्कृत आणि संयुक्त हिंदी-संस्कृत यांत एका ओळीचा फरक, पण पेपर सगळाच वेगळा. वर्गशिक्षकाने एकेका मुलाला समोर बसवून विषय मोठ्याने वाचून घ्यावेत. एका तुकडीला दोन तास लागतात, लागू देत.

हॉलतिकिटावर चूक दिसली तरी हातपाय गाळू नयेत. नाव, आईचं नाव, जन्मतारीख यांची दुरुस्ती ऑनलाइन मागता येते. विषय किंवा माध्यम बदलायचं तर मात्र विभागीय मंडळच गाठावं लागतं. फोटो सदोष असेल तर नवा चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का. हॉलतिकीट हरवलं तर पुन्हा प्रिंट काढून लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारायचा. आणि फी थकली म्हणून हॉलतिकीट अडवून ठेवायचं नाही. वसुलीला वर्षभर वेळ होता.

सवलतींचे प्रस्ताव शेवटच्या आठवड्यात

दिव्यांग आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. पण प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयातल्या तारखा लवकर मिळत नाहीत. ज्या मुलाची शंका नववीत आली, त्याच्या पालकांना नववीतच बोलवा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या आणि खेळांच्या वाढीव गुणांचंही तेच. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, मुदत उलटली की गुण गेले.

पूर्व परीक्षेचे नुसते गुण वाचून दाखवणं

माझ्या मते शाळा सर्वांत जास्त इथेच कमी पडतात. पूर्व परीक्षेचे पेपर तपासून होतात, आकडे वहीत चढतात आणि उत्तरपत्रिका कपाटात जातात. खरं तर त्या उत्तरपत्रिकाच हातात घेऊन आठवडाभर शिकवायला हवं.

त्यात काय सापडतं? विज्ञानाच्या बहुपर्यायी प्रश्नांत आधी एक पर्याय लिहून तो खोडलेला आणि शेजारी बरोबर पर्याय लिहिलेला. मंडळाच्या सूचनेप्रमाणे तिथे पहिल्या प्रयत्नालाच गुण आहेत. मराठीच्या कृतिपत्रिकेतल्या (प्रश्नपत्रिकेतल्या) आकृत्या पेनने काढायच्या असतात, मुलगा त्या पेन्सिलीने काढतो. मग तीच सवय उलटी होऊन भूमितीची रचना पेनने करून बसतो. भूगोलात भारत आणि ब्राझीलचे नकाशे पाठ असतात, पण भरलेला नकाशा उत्तरपत्रिकेला बांधायचाच राहतो.

पूर्व परीक्षा खऱ्या वेळेत घ्या. ज्याची शाळा दुपारी भरते त्या मुलाला सकाळी ११ ला डोकं चालवायची सवय नसते. गणिताचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, दोन तासांचा. भाषेचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. २०२३ पासून पेपरच्या शेवटी १० मिनिटं जादा मिळतात. ती वाचायला नाहीत, तपासायला आहेत, हे सरावातच अंगवळणी पडलं पाहिजे.

अंतर्गत गुणांची खिरापत

शाळेनेच द्यायच्या अंतर्गत गुणांत सरसकट २० पैकी १९ देणारी शाळा मुलाला फसवते. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता हे मान्य, तरी अंतर्गत गुणांचा टेकू किती मोठा होता ते दिसलंच. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि जुनी सवयही. लेखीत कच्च्या असलेल्या मुलाचं एकूण फुगलं, की ते कच्चेपण घरच्यांच्या नजरेला येतच नाही.

केंद्र लांब, गाडी उशिरा

केंद्रावर अर्धा तास आधी पोचायचं, म्हणजे साडेदहाला. कल्याणहून येणाऱ्याने लोकलचं वेळापत्रक प्रमाण मानू नये, एक गाडी आधीचीच धरावी. आदल्या दिवशी केंद्र पाहून यायला सांगा. एकाच नावाच्या शाळेच्या दोन इमारती दोन गल्ल्यांत असतात.

निकालानंतर शाळेला कुलूप

नापास मुलाला जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज कुणी भरून द्यायचा? पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि मुदत थोडी असते. सुट्टी असली तरी निकालानंतरचा आठवडाभर एक लिपिक आणि एक शिक्षक शाळेत बसवा. तसा फलक आधीच फाटकावर लावा.