घरात बिडी ओढणारं माणूस असेल, तर ताटात काय वाढाल

मी आशा सेविका आहे, साकोलीकडची. आमच्या भागात तेंदूपत्ता आणि बिडी दोन्ही जुनी. बायका विचारतात, "ताई, मामाजींना (सासऱ्यांना) ताकदीची गोळी देऊ का?" मी सांगते, गोळी राहू द्या, जांब म्हणजे पेरू द्या.

धुरातून पेशींना इजा करणारे कण शरीरात जातात. त्यांना आवरण्यात क जीवनसत्त्व खर्ची पडतं. आपल्याकडे पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरतात. धूम्रपान करणाऱ्याला त्यावर ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं, असं अमेरिकेच्या आहारमानकांत २००० सालापासून आहे. शरीर त्याचा मोठा साठा करत नाही, म्हणून रविवारी पाटीभर संत्री खाऊन आठवडा निघत नाही. रोज थोडं हवं.

एक मध्यम जांब खाल्ला तरी दिवसाचं भागतं. वजनाला वजन धरलं तर त्यात संत्र्याच्या तिपटीहून जास्त क जीवनसत्त्व असतं. हिवाळ्यात आवळा मीठ लावून कच्चाच द्या. दात नसतील तर किसून. उन्हाळ्यात लिंबू आणि कैरी आहेच. लिंबू वरणात पिळायचं ते ताटात वाढल्यावर, चुलीवरच्या उकळत्या गंजात नाही. उष्णतेनं हे जीवनसत्त्व नासतं. मुनग्याच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी झाकण ठेवून लवकर उतरवा आणि तिचं पाणी फेकू नका, बरंचसं त्यातच उतरलेलं असतं. सांभार म्हणजे कोथिंबीरही वरून कच्चीच टाका. सोबत मूठभर शेंगदाणे असू द्या, त्यांत ई जीवनसत्त्व असतं. वापरल्या गेलेल्या ई ला क जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावतं, म्हणून दोन्ही हवीत.

आता गोळीचं, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची (गाजरासारख्या भाज्यांत असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. म्हणून बाटलीवर बीटा कॅरोटीन लिहिलेलं दिसलं तर बिडी ओढणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गाजर, कोहळं (लाल भोपळा), पालेभाजी मात्र खुशाल वाढा.

आणि बिडी ओसरीवर नको, अंगणापलीकडे. घरातल्या धुरानं लेकरांच्या रक्तातलंही क जीवनसत्त्व घटतं. जांब खाऊन बिडीचं नुकसान भरून निघत नाही, हे मामाजींना स्पष्ट सांगा. सोडायचं मनावर घेतलं तर १८००-११२-३५६ वर फोन लावून द्या, पैसे पडत नाहीत.