एकच पोरगी पिचर आणि कॅचर असेल तर

आमच्या ऐरोलीच्या बेसबॉल टीममध्ये मुलं मोजकीच. मग जिचा हात चांगला, तीच पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारी, आणि तीच कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून तो झेलणारी. लेक अकरा वर्षांची. सर म्हणतात, "ताई, कॅचिंगला नुसतं तर बसायचं असतं." नुसतं? प्रत्येक चेंडू पिचरकडे परत कोण फेकतं, शेजारचे काका?

अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेचे नियम मी सरळ उचललेत. सामन्यात ४१ किंवा जास्त पिच (बॅटरकडे टाकलेले चेंडू) टाकले की त्या दिवशी कॅचिंग बंद. चार किंवा जास्त इनिंग कॅचिंग केली की त्या दिवशी पिचिंग नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच. २१ ते ३५ पिच झाले तर एक दिवस विश्रांती, ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस.

मोजायला नामजपाचा बोटात घालायचा काउंटर घ्या, स्टेशनबाहेर मिळतो. सामन्यात एक पिच, एक क्लिक. अंदाजपंचे मोजू नका. पोरं कमीच सांगतात.

विश्रांतीच्या दिवशी सोसायटीच्या आवारातही फेकाफेक नको. बॅटिंग करू दे, पळू दे. मोठ्या सामन्यात पिचिंग असेल तर आदल्या दिवशी तिला फील्डिंगला सेकंड बेसजवळ ठेवा, तिथले थ्रो छोटे असतात.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाली, की फेकणं तिथेच थांबवा. या वयात तिथलं हाड अजून वाढत असतं. बाम चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सर रागावले तर रागावू देत.