‘मी तर ठणठणीत आहे!’ कॉलेजच्या मुलींनो, या चुका टाळा

कॉलेजच्या आरोग्य तपासणीत आम्ही आधी विचारतो, तब्येत कशी आहे? बहुतेक मुली ‘चांगली’वर खूण करतात. मग हिमोग्लोबिनचा आकडा येतो आणि चेहरे पडतात. तो १२च्या खाली असेल तर रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘वाटतं’ त्यावर विसंबणं. रक्त हळूहळू कमी होतं, शरीर जुळवून घेतं आणि दमणं हाच स्वभाव वाटायला लागतो. पारोळ्याकडची एक मुलगी पहाटेच्या एसटीने जळगावला यायची. पोटात फक्त चहा-बिस्कीट, डबा उघडायचा दुपारी. जिन्यात मध्येच थांबायची, म्हणायची ऊन बाधलं. पाळीत अंगावरून खूप जायचं, तेही तिला नेहमीचंच वाटे. “माले काय धाड भरनी?” म्हणत रांगेत उभी राहिली. हिमोग्लोबिन सातच्या घरात! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर शौचाला काळं होतं आणि मळमळतं म्हणून आठवड्यात बंद. काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर मी रात्री जेवणानंतर गोळी घ्यायला लावते, वर लिंबूपाणी. चहा दोन तास लांब. आकडा सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, कारण शरीरातला लोहाचा साठाही भरायचा असतो. ‘बीटाचा रस पिते, पंधरा दिवसांत रक्त वाढेल’ हे ऐकलं की मला राग येतो. बीट खा, खजूर खा, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नि मेथी तर खाच; पण सातवरून बारावर नुसत्या रसाने कुणी जात नाही.

सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलींनी सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही करून घ्यावी. सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

दुसरी चूक, बाथरूम घाण म्हणून दिवसभर पाणीच न पिणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. लघवी दाबून ठेवली, पाणी तोडलं की जळजळ, ताप, मग सुट्टी. तासाला चार घोट हा माझा नेम, तोच मुलींना लावते. आणि बाथरूमसाठी सगळ्यांनी मिळून प्राचार्यांकडे अर्ज द्या. एकटीने कुरकुरून काही होत नाही.

लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीकडून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. बारीक व्हायला रात्रीचं जेवण सोडू नका. झोप सात तास हवी. रात्री मोबाईल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा.

चक्कर, धाप, पाळीत दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, यातलं एक जरी असेल तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. आईलाही सोबत न्या, तिचंही तपासा.