पाऊस संपला, सायकल काढताय? मातीच्या वाटेवर या चुका टाळा

कोजागिरी जवळ आली की पुण्यात सायकली बाहेर पडायला लागतात. दिवे घाटाखालचा मस्तानी तलाव, खडकवासल्याच्या मागे पानशेतकडे जाणाऱ्या आतल्या वाटा, मुळशीची बाजू, सगळीकडे अजून हिरवं असतं, सोनकी पिवळीधमक फुललेली असते, चिखल वाळलेला असतो. आरामात फिरायला याच्यापेक्षा चांगले दिवस वर्षात नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नेमके याच दिवसांत लोक अर्ध्या वाटेवरून सायकल ढकलत परत येताना दिसतात तेव्हा खूप वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

पहिली चूक घरीच होते. चार महिने पार्किंगमध्ये उभी असलेली सायकल, नुसती हवा भरली आणि निघाले. चेन गंजलेली असते, आणि मग कोणीतरी घरातलं खोबरेल नाहीतर गाडीचं इंजिन ऑइल ओततं, ते तर अजिबात करू नका, त्याला धूळ चिकटते आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये काळा चिखल होतो जो चेन आणि गिअरचे दाते दोन्ही खातो. जुन्या फडक्याने चेन कोरडी पुसा, सायकलचं चेन ऑइल प्रत्येक कडीवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि वरचं सगळं पुसून टाका. तेल आत पाहिजे, बाहेर नको. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर तेलाचा थेंबही उडू देऊ नका, नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही.

गिअर घसरत असेल तर बऱ्याचदा केबल पावसात गंजून अडकलेली असते, बदलून टाका, फार खर्चाचं काम नाही.

आता मुख्य गोष्ट, काटे. ऑक्टोबरमध्ये सराटा वाळतो. हे वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरणारं पिवळ्या फुलांचं रोप, त्याचं फळ वाळलं की फुटून पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे टोकदार काटे, कसाही पडला तरी एखादं टोक वरच. त्यात बाभळीच्या फांद्या तोडून शेताला कुंपण केलेलं असतं, तिचे काटे वाटेवर येतात. म्हणून समोरून कोणी आलं की कडेच्या गवतात सायकल घालू नका, थांबा, उतरा, त्यांना जाऊ द्या.

मागच्या वर्षी मस्तानी तलावाजवळ माझं पंक्चर झालं, नवी ट्यूब टाकली, दोनशे मीटर गेलो की परत टायर बसला. काट्याचं टोक मोडून टायरमध्येच राहिलं होतं आणि बोट फिरवूनही लागत नव्हतं. तिथल्या एका पंक्चरवाल्या काकांनी कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून हळूहळू फिरवला, एका जागी कापसाचा धागा अडकला, तिथे नखाएवढंही नसलेलं टोक होतं, चिमट्याने ओढून काढलं. तेव्हापासून माझ्या किटमध्ये कापूस आणि चिमटा असतोच.

ट्यूबचं भोक बघायला शिका, कारण तिथेच कळतं. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा. शेजारीशेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिमला चेपली. आतल्या, रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय, ती नीट केल्याशिवाय कितीही ट्यूब बदला, जाणारच.

हवेबद्दल बोलायचं तर हायवेच्या हिशोबाने टणक टायर मातीवर नको, दगडावरून उडतो आणि मनगटं दुखतात. माझ्या हायब्रिड सायकलला (रोड आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी) रोडवर ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते, वाटेवर मी ४५ च्या आसपास ठेवतो. टायरच्या कडेला हवेचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडे लिहिलेले असतात, त्यांच्या मध्ये राहायचं, आणि वजन जास्त असेल तर थोडी जास्त.

उशिरा निघणं ही पण चूकच. ऑक्टोबर हीट म्हणतात ते उगाच नाही, सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, दहा वाजता डोकं तापायला लागतं आणि या वाटांवर सावली फार नाही. दोन लिटर पाणी, लिंबू-साखर-मीठ, आणि उजाडताच चाकं फिरली पाहिजेत. अंगावर अत्तर-डिओ मारून जाऊ नका, कड्याखाली आग्या मोहोळं असतात. वाटेवर कधी घोणस ऊन खायला येऊन बसते, त्यामुळे वळणावर वेग नको.

भात कापणीचे दिवस असतात, शेताच्या बांधावरून सायकल घालू नका, खाचरात तर नाहीच.

आणि एक, वाटेत टायरमध्ये काटा दिसला पण हवा टिकून आहे, तर तो तिथेच उपटू नका. बऱ्याचदा काटाच भोक दाबून धरतो. घरी या, ट्यूब-पॅच शेजारी ठेवा, मग काढा.