विंडोजशेजारी लिनक्स : पेनड्राइव्ह लावण्याआधीची तयारी

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ज्यांचा लॅपटॉप नीट चालतो, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११च्या अटींत बसत नाही, अशी माणसं लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, विचारू लागली आहेत. विंडोज पुसून टाकणं मात्र अनेकांना जमण्यासारखं नसतं. दुकानाचा हिशेब टॅलीत असतो, छपाईच्या जुन्या फायली श्रीलिपीच्या फाँटमध्ये असतात. अशांनी एकाच यंत्रावर दोन्ही ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्स टाकायला साधारण अर्धा तास लागतो. डेटा जातो तो बहुतेक वेळा त्याआधी करायच्या राहून गेलेल्या कामांमुळे. म्हणून पुढची सगळी कामं एकाच प्रश्नाभोवती आहेत : काही बिघडलं तर जिथे होतो तिथे परत येता येईल का?

पहिलं काम बॅकअपचं, आणि तो बाहेरच्या डिस्कवरच हवा. ‘डी ड्राइव्हला कॉपी करून ठेवलंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. आपण ज्या डिस्कची वाटणी बदलणार आहोत तिच्यावरच ठेवलेली प्रत ही प्रत नव्हेच. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दोन-चार फोटो, एखादी टॅलीची बॅकअप फाइल खरंच उघडते का ते पाहा. सोबत मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह करून ठेवा. त्याला ८ जीबी पुरतात. विंडोज सुरू होईनासं झालं तर दुरुस्ती त्यावरूनच करता येते.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा मुद्दा : बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. आपण ते कधी चालू केलं नाही, म्हणजे ते नाही, असं समजू नका. विंडोज ११च्या होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने तेच कुलूप असतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते पुष्कळ नव्या लॅपटॉपवर न विचारता लागतं. एरवी त्याची जाणीवही होत नाही. पण बूटचा (यंत्र कशावरून सुरू व्हायचं याचा) क्रम बदलला किंवा सीक्युअर बूटला (खात्री नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या संरक्षणाला) हात लावला, की विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. कोणताही दुरुस्तीवाला तो काढून देऊ शकत नाही. ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती कागदावर उतरवून घ्या, स्क्रीनवर दिसणारा की आयडी आणि आपल्याकडचा आयडी जुळतो का ते तपासा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर की त्यांच्याकडे असते. तिथे परवानगीशिवाय हे काम करूच नये. घरच्या यंत्रावर मी सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून, डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबूनच पुढे जायला सांगते. तास-दोन तास जातील, जाऊ द्या. सगळं झाल्यावर ते पुन्हा चालू करता येतं.

यानंतर यंत्राची ओळख करून घ्या. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस मोड’समोर यंत्र सुरू होण्याची पद्धत लिहिलेली दिसते : यूईएफआय (नवी) किंवा लेगसी (जुनी). विंडोज ज्या पद्धतीने बसलंय त्याच पद्धतीने लिनक्सचा पेनड्राइव्ह सुरू व्हायला हवा, नाहीतर दोन्ही बसूनही एकमेकांना दिसत नाहीत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर प्रायमरी विभाग फक्त चार होतात, आणि कंपन्यांच्या लॅपटॉपवर ते आधीच भरलेले असू शकतात. हे निघायच्या आदल्या दिवशी कळलेलं बरं. इंटेलच्या काही लॅपटॉपवर डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोडमध्ये असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. तेव्हा बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन थेट एएचसीआय, म्हणजे लिनक्सला डिस्क दिसेल असा मोड, करू नका, विंडोज चालू होणार नाही. आधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडेल असं ठरवून द्या, मग बायोसमधला मोड बदला, सेफ मोड एकदा येऊ द्या आणि नंतर नेहमीच्या पद्धतीवर परत या. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकबुकसाठी हे काहीच लागू नाही, तो वेगळाच विषय आहे.

जागा करायची ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराला कमीत कमी २५ जीबी लागतात. रोज वापरायचं असेल तर मी ६० ते ८० सोडायला सांगेन. सी ड्राइव्हवर भरपूर जागा रिकामी असूनही ‘श्रिंक’ थोडीच जागा देतं, असं होतं, कारण पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल मध्येच हलता न येणाऱ्या असतात. हायबरनेशन बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू द्या, तिला नवं ड्राइव्ह अक्षर देऊ नका. बहुधा शंभर एमबीचा ईएफआय विभाग (यंत्र सुरू करणाऱ्या फायलींचा) दिसेल, त्याला अजिबात हात लावायचा नाही. उबुंटू आणि मिंट (लिनक्सचाच दुसरा प्रकार) दोघांनाही तो पुरतो.

‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणं बहुतेक जण विसरतात. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही, आणि जबरदस्तीने लिहिलं तर फायली खराब होतात. हायबरनेशन बंद केलं असेल तर हेही आपोआप गेलेलं असतं. तरी कंट्रोल पॅनेलमध्ये पाहून घ्या.

लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा आणि तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली मोठी फाइल अर्धवट राहणं नवीन नाही, आणि अर्धवट फाइल मध्यावर जाऊन अडकते. पेनड्राइव्ह रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने बनवा. मग लगेच इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडून तासभर वापरा : वायफाय, आवाज, टचपॅड, झोपवून पुन्हा उठवणं, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून नेट घेता येतं, तेवढी केबल जवळ ठेवा.

सीक्युअर बूट बंद करायची घाई नको. उबुंटू, मिंट, फेडोरा ते चालू असतानाही बसतात. मात्र ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं जुनं लिनक्स ‘शिम’च्या (सीक्युअर बूट चालू असताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) त्रुटीवर अडकलं होतं, म्हणून नेहमी ताजी आयएसओ घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगेल. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. लिहून ठेवा.

घड्याळाचीही आधीच कल्पना असू द्या. लिनक्स यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. त्यामुळे भारतात विंडोज साडेपाच तास मागे दिसू लागतं आणि माणूस गोंधळतो. लिनक्समधल्या ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) आज्ञेच्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ (set-local-rtc) पर्यायाने हे सुटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे होत नाही, म्हणून इथे तो उपाय चालून जातो. लंडन किंवा न्यू जर्सीत असाल तर त्याऐवजी विंडोजलाच रजिस्ट्रीतून जागतिक वेळ वाचायला लावा.

ठरलेल्या दिवशी विंडोजचे अपडेट आधी पूर्ण होऊ द्या. लॅपटॉप चार्जरला, डेस्कटॉप यूपीएसवर. वीज जाण्याचा वार असेल तर दुसरा दिवस धरा. बॅकअपची डिस्क काढून ठेवा. बूट मेनूची कळ कंपनीनुसार बदलते : डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९. इन्स्टॉलर सुरू झाला की ‘इरेज डिस्क’ (सगळी डिस्क पुसा) आणि ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ (विंडोजशेजारी बसवा) हे पर्याय जवळजवळ असतात. दुसरा दिसत नसेल तर तिथेच थांबा, रीस्टार्ट करून विंडोजमध्ये परत या आणि बिटलॉकर, डिस्कचा मोड, रिकामी जागा हे तिन्ही पुन्हा तपासा. शेवटच्या पडद्यावर कोणते विभाग बदलणार त्याची यादी येते. तीत एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजचा, एकही विभाग फॉरमॅट होताना दिसला नाही, तरच ‘इन्स्टॉल’ दाबा.