चहासोबतची ‘एखादी’ सिगरेट सोडायची तर

“मी स्मोकर नाहीये रे, चहासोबत एखादी” हे मी हिंजवडीत टपरीवर उभं राहून चार वर्षं सांगत होतो, हातात सिगरेट धरूनच. दिवसाला दोन-तीनवाल्यांची गोची हीच, आपल्याला सोडण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला २०१८ चा अभ्यास सांगतो की रोज एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही.

आपल्याला निकोटीनपेक्षा प्रसंग जास्त ओढतो, म्हणून आधी प्रसंग पकडायचा. पहिला आठवडा काही सोडू नका, फक्त पेटवायच्या आधी मोबाईलमध्ये टाका, किती वाजले, कुठे, सोबत कोण, मूड कसा. आधी हं, नंतर कोणी लिहित नाही. माझ्या यादीत बहुतेक वेळा तोच चारचा चहा, तोच मित्र आणि पाकीटही त्याचंच!

मग प्रत्येक प्रसंगाला आधीच उत्तर ठरवा, अगदी वाक्यात. “चार वाजले की टपरीवर नाही, सिगरेट न ठेवणाऱ्या अमृततुल्यात.” “बघू तेव्हा” म्हटलं की गेलीच. हाताला चाळा लागतोच, तर गरम कप दोन्ही हातांनी धरा, खिशात लवंग ठेवा. मित्राला सरळ सांगा, मी मागितली तरी देऊ नकोस, आणि हे घरी एकदा मोठ्यानं बोलून बघा, कारण ऐनवेळी आपण हसून “बरं, अर्धी दे” म्हणतो. राज्यात सुट्टी सिगरेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

तलफ आली की मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावून चालायला लागा, ती चढते आणि बहुतेक वेळा टायमरच्या आधीच ओसरते, दोन-चारदा असं झालं की तिची भीती जाते.

सगळ्यात अवघड शनिवारची पार्टी. पहिला महिना दारू टाळा, नाहीतर न ओढणाऱ्याच्या शेजारी बसा आणि सगळे बाहेर गेले तरी खुर्ची सोडू नका.

आणि घसरलात तर “आता काय, गेलंच” म्हणून पाकीट आणू नका, तीही यादीत लिहा, कुठला प्रसंग सुटला होता ते बघून त्याचं वाक्य बनवा. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, तिथले काउन्सेलर हेच सगळं तुमच्यासोबत बसवून देतात.